कॅट-सीईटीचे इंग्रजी उतारे: शब्दांच्या यादीपलीकडचं वाचन

इंग्रजी उताऱ्याचे प्रश्न चुकले की पहिला संशय शब्दसंग्रहावर जातो. मग हजार अवघड शब्दांची यादी भिंतीवर लागते, महिनाभर पाठांतर चालतं आणि पुढच्या सराव परीक्षेत गुण जवळपास तिथेच राहतात. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे चुकीचं खरं कारण लिहून बघा. शब्द अडल्यामुळे गेलेले प्रश्न थोडेच निघतील. बाकीचे जातात ते उताऱ्यात कोणाचं म्हणणं चाललंय हे निसटल्यामुळे, किंवा दोन पर्यायांपैकी 'जास्त छान वाटणारा' निवडल्यामुळे. ही दोन्ही दुखणी पाठांतराने बरी होत नाहीत.

आधी परीक्षा नीट ओळखा, कारण दोन्हीकडे एकच डावपेच चालत नाही. कॅट म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीएची प्रवेश परीक्षा. तिच्यात इंग्रजीच्या विभागाला ४० मिनिटं असतात आणि त्यातला वेळ पुढच्या विभागाकडे वळवता येत नाही. गेल्या काही वर्षांत या विभागात २४ प्रश्न येतात. त्यांतले १६ उताऱ्यांवरचे, म्हणजे चार उतारे आणि प्रत्येकी चार प्रश्न. उतारा साधारण पाचशे शब्दांचा. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय दिलेला प्रश्न चुकला तर १ गुण वजा. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीचं गणित निराळं आहे: १५० मिनिटांत २०० प्रश्न, त्यांत इंग्रजीचे ५०, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्नामागे सरासरी ४५ सेकंद. सीईटीचे उतारे तुलनेने सरळ असतात. माहिती कुठे आहे ते शोधणं, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, असा मामला. कॅटचा लेखक मात्र वाद घालत असतो, आणि प्रश्न त्या वादावर असतात. म्हणून तयारी कॅटच्या पातळीची करा, सीईटीला तीच जास्त वेगाने वापरा. उलटा प्रवास जमत नाही.

मराठी वाचकाचा वाक्यात घोटाळा कुठे होतो

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि विशेषणं नामाच्या आधी. 'एकेकाळी बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी झिडकारलेलं मत आज परत आलं आहे' हे वाक्य आपण शेवटपर्यंत धीराने वाचतो, कारण मुद्दा शेवटी मिळणार याची सवय आहे. इंग्रजीत कर्ता आधी येतो, मग स्वल्पविरामांत कोंबलेली जास्तीची माहिती येते, मग क्रियापद, आणि त्यानंतरही शेपूट लांबतच जाते. हे वाक्य पाहा: 'द व्ह्यू दॅट लँग्वेज शेप्स थॉट, वन्स डिसमिस्ड बाय मोस्ट लिंग्विस्ट्स, हॅज रिटर्न्ड इन अ वीकर फॉर्म.' घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात 'डिसमिस्ड' अडकतो आणि तो समजतो की भाषाशास्त्रज्ञांनी हे मत फेटाळलं, विषय संपला. वाक्याचा कणा आहे 'व्ह्यू हॅज रिटर्न्ड': मत परत आलंय, जरा सौम्य रूपात. पर्यायांत 'भाषाशास्त्रज्ञ आजही हे मत नाकारतात' असा सापळा हमखास सापडेल.

यावर उपाय रोज दहा मिनिटांचा आहे. कोणत्याही लेखातली पाच लांबलचक वाक्यं घ्या, दोन स्वल्पविरामांमधला किंवा दोन आडव्या रेघांमधला मजकूर बोटाने झाका आणि कर्ता-क्रियापदाची जोडी मोठ्याने म्हणा. मग झाकलेला भाग परत जोडा. तीन आठवड्यांत डोळा आपोआप क्रियापद शोधू लागतो. वाक्याचं मनातल्या मनात पूर्ण मराठी भाषांतर करू नका. त्यात शब्दांचा क्रम उलटावा लागतो आणि वेळ तिथेच जातो. आशय मराठीत धरायला मात्र काहीच हरकत नाही.

दुसरा घोटाळा नकाराचा. 'अनलेस' म्हणजे 'जर नाही तर', 'हार्डली' आणि 'सेल्डम' दिसायला होकारार्थी पण अर्थाने नकारार्थी, 'फ्यू' म्हणजे जवळपास कोणी नाही, 'अ फ्यू' म्हणजे काही जण आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे चक्क बरेच. 'नथिंग बट' म्हणजे फक्त तेवढंच, तर 'एनीथिंग बट' म्हणजे ते सोडून काहीही. एका वाक्यात दोन नकार आले की तिथे थांबून सरळ होकारार्थी वाक्य करून घ्या. पाच सेकंद जातात, पण प्रश्न वाचतो.

तिसरा घोटाळा गमतीचा आहे, कारण तो ओळखीच्या शब्दांनी होतो. आपल्या रोजच्या मराठीत असलेले इंग्रजी शब्द उताऱ्यात वेगळ्याच अर्थाने येतात. 'डिस्काउंट' म्हटलं की आपल्याला दुकानातली सूट आठवते. उताऱ्यात पुरावा 'डिस्काउंट' केला म्हणजे तो जमेस धरला नाही. 'क्वालिफाय' म्हणजे इथे पात्र ठरणं नव्हे, विधानाला अट किंवा मर्यादा घालणं. 'आर्ग्यू' म्हणजे भांडणं नव्हे, कारणं देऊन मांडणं. शंका 'एंटरटेन' करणं म्हणजे मनात येऊ देणं, 'अरेस्ट' म्हणजे थोपवणं, 'इकॉनॉमी' म्हणजे काटकसर, 'ॲकॅडेमिक' म्हणजे कधीकधी 'व्यवहारात काही फरक न पडणारा'. 'अपॉलॉजिस्ट' माफी मागत नाही, तो समर्थन करतो. शब्दांची वही करायचीच असेल तर ती अशा फसव्या ओळखीच्या शब्दांची करा. हजार दुर्मीळ शब्दांपेक्षा असे साठ-सत्तर जास्त उपयोगी पडतात.

उतारा हातात आल्यावर

कॅटला पहिलं मिनिट निवडीचं. चारही उताऱ्यांच्या पहिल्या दोन-तीन ओळी बघा आणि क्रम ठरवा. निवड विषयाच्या आवडीवर करू नका, वाक्यं उलगडतात की नाही यावर करा. आवडत्या विषयात एक छुपा धोका असतो. आपल्याला त्यातलं आधीच माहीत असतं आणि आपण उताऱ्याऐवजी स्वतःच्या माहितीतून उत्तर देतो. अर्थशास्त्राचे पदवीधर अर्थशास्त्राच्या उताऱ्यात यामुळेच घसरतात.

प्रश्न आधी वाचावेत का, यावर शिकवणाऱ्यांत एकमत नाही. आमचा कौल असा: प्रश्नांचे फक्त मथळे पंधरा सेकंदांत पाहा, पर्याय अजिबात नाही. प्रत्येक प्रश्नाचे तीन पर्याय चुकीचे असतात. ते आधी वाचले तर तीच चुकीची विधानं डोक्यात ठेवून तुम्ही उतारा वाचणार. सीईटीला मात्र प्रश्न आधी वाचलेले बरे, कारण तिथे बरेचदा नेमकी ओळ शोधायची असते.

मग वाचन. पडद्यावर अधोरेखन करता येत नाही, म्हणून कच्च्या कागदावर प्रत्येक परिच्छेदासाठी तीन-चार शब्द लिहा, मराठीत लिहिलेत तरी चालेल. परिच्छेदात काय आहे ते लिहायचं नाही, परिच्छेद काय काम करतो ते लिहायचं: 'जुना समज', 'त्यावर टीका', 'टीकेला मर्यादा', 'उदाहरण'. शेजारी बोलणारा कोण त्याची खूण करा, लेखकासाठी 'ले', इतरांसाठी 'इ'. ही एका अक्षराची खूण सगळ्यात जास्त गुण वाचवते. कारण कॅटच्या उताऱ्यात लेखक दुसऱ्यांचं म्हणणं इतक्या प्रामाणिकपणे मांडतो की ते त्याचंच वाटायला लागतं. 'हाउएव्हर', 'यट', 'नेव्हरदलेस', 'ऑलदो', 'टु बी शुअर' हे शब्द आले की वेग निम्मा करा. 'टु बी शुअर' विशेष लबाड आहे. तिथे लेखक विरोधकाला थोडं देऊन टाकतो, आणि पुढच्या 'बट'नंतर स्वतःचं म्हणणं मांडतो. उदाहरणं, नावं, सनावळ्या मात्र भराभर पुढे सरकवा. लागतील तेव्हा परत येता येतं, फक्त कुठे आहेत ते लक्षात हवं.

वाचून झाल्यावर पडद्यावरून नजर काढा आणि एका वाक्यात सांगा: लेखकाला काय पटवायचंय? 'नकाशांबद्दल आहे' हे उत्तर नव्हे, तो विषय झाला. विषय आणि म्हणणं यातला फरक कळला नाही तर मुख्य मुद्द्याचा प्रश्न नशिबावर सुटतो.

एक उतारा सोडवून पाहू

नकाशांचंच उदाहरण घेऊ. परीक्षेतला उतारा इंग्रजीत असेल, इथे सोयीसाठी त्याच धाटणीचा छोटा मजकूर मराठीत:

'नकाशा म्हणजे जमिनीचं तटस्थ चित्र, असा समज फार काळ होता. पुढे अभ्यासकांनी तो मोडून काढला. काय दाखवायचं आणि काय गाळायचं हे नकाशा काढणारा ठरवतो, म्हणून नकाशा हे सत्तेचं हत्यार आहे, असं ते म्हणतात. हे बरंचसं खरं आहे. मात्र त्यावरून प्रत्येक नकाशा खोटा ठरवणाऱ्यांना एक गोष्ट सांगता येत नाही: पाण्याखालचे खडक दाखवणारा नकाशा कोळ्याचा जीव कसा वाचवतो? गाळणं म्हणजे फसवणं नव्हे. काहीच न गाळलेला नकाशा कोणाला वाचताच येणार नाही.'

कागदावरच्या खुणा: जुना समज (इ), टीका (इ), अर्धी मान्यता (ले), आक्षेप (ले). प्रश्न: लेखकाचं मुख्य म्हणणं कोणतं?

अ. नकाशे सत्तेचं हत्यार असल्याने त्यांच्यावर विसंबणं धोक्याचं आहे.
ब. नकाशात निवड असते, पण तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही.
क. कोळ्यांचे नकाशे सत्ताधाऱ्यांच्या नकाशांपेक्षा अचूक असतात.
ड. नकाशाला तटस्थ मानणारा जुना समजच योग्य होता.

'अ' हा सगळ्यात जास्त लोकांना ओढणारा पर्याय, कारण त्यातले शब्द उताऱ्यातून उचललेले आहेत. पण 'सत्तेचं हत्यार' हे अभ्यासकांचं म्हणणं आहे, लेखकाचं नव्हे, आणि 'विसंबणं धोक्याचं' तर कोणीच म्हटलेलं नाही. 'क'मध्ये तुलना घुसवली आहे. उताऱ्यात दोन प्रकारच्या नकाशांची तुलनाच नाही. 'ड'मध्ये लेखकाला दुसऱ्या टोकाला ढकललंय. टीकेला मर्यादा घातली म्हणजे जुना समज मान्य केला असं होत नाही, 'बरंचसं खरं आहे' हे शब्द विसरू नका. उरला 'ब'. तो फिका आणि मिळमिळीत वाटतो, आणि कॅटचं बरोबर उत्तर बरेचदा असंच दिसतं.

आता अवघड प्रश्न: कोणतं विधान खरं मानल्यास लेखकाची बाजू सर्वांत दुबळी होईल? एक पर्याय म्हणतो, 'बरेच कोळी नकाशाशिवाय समुद्रात जातात.' दुसरा म्हणतो, 'परकी जहाजं फुटावीत म्हणून किनाऱ्याच्या नकाशांतून काही खडक मुद्दाम गाळले जात.' पहिला विषयाला चिकटलेला आहे, पण युक्तिवादाला हातही लावत नाही. दुसरा थेट कोळ्याच्या उदाहरणावर घाव घालतो: जिथे नकाशा जीव वाचवतो म्हटलं, तिथेच गाळणं हे फसवणं निघालं. अशा प्रश्नात पर्याय उताऱ्यात नसणारच. तो 'उताऱ्यात नाही' म्हणून खोडू नका. पर्यायातली माहिती खरी धरायची आणि फक्त परिणाम तपासायचा.

पर्यायांतले दोष

बरोबर पर्याय शोधण्यापेक्षा चुकीच्या पर्यायातला गुन्हेगार शब्द शोधा आणि त्यावर मनात बोट ठेवा. बोट ठेवता आलं नाही तर तो पर्याय खोडलेला नाही असं समजा. गुन्हेगार ठरावीक असतात. 'ऑल', 'ओन्ली', 'नेव्हर' हे टोकाचे शब्द. मात्र लेखकच टोकाचं बोलत असेल तर हेच शब्द बरोबर ठरतात, म्हणून ते दिसताच आंधळेपणाने खोडू नका. कारण-परिणामाची अदलाबदल. 'काही'चं 'बहुतेक' होणं. पूर्वार्ध बरोबर आणि उत्तरार्धात काडी. खरं, पण फक्त एका परिच्छेदापुरतं असलेलं विधान, जे मुख्य मुद्द्याच्या प्रश्नात चुकीचं आणि तपशिलाच्या प्रश्नात बरोबर असतं.

निष्कर्षाच्या प्रश्नात, म्हणजे 'इन्फर' हा शब्द येतो तिथे, पाऊल लहान टाका. उतारा खरा असेल तर जे खरं असावंच लागेल तेवढंच उत्तर. 'असू शकतं' पुरत नाही. 'एक्सेप्ट' आणि 'नॉट'च्या प्रश्नात कागदावर चारही अक्षरं लिहून प्रत्येकापुढे खरं-खोटं मांडा. डोक्यात ठेवलं की तिसऱ्या पर्यायापर्यंत आपण काय शोधत होतो तेच विसरतं आणि पहिल्याच खऱ्या विधानावर टिचकी मारली जाते. लेखकाच्या सुराचे प्रश्न आधी दोन भागांत तोडा: बाजूने, विरुद्ध की मधला, मग किती तीव्र. 'स्केप्टिकल' म्हणजे शंका घेणारा, 'सिनिकल' म्हणजे माणसांच्या हेतूंवरच विश्वास नसलेला. वरच्या उताऱ्याचा लेखक टीकाकारांविषयी साशंक आहे, तिरकस नाही.

कॅटमध्ये अधूनमधून संकल्पना-शब्दांचे संच देऊन उताऱ्याला कोणता संच लागू पडतो असं विचारतात. तिथे कागदावरच्या परिच्छेदाच्या खुणा कामी येतात. जो संच उदाहरणांतले शब्द उचलतो तो चुकीचा, जो युक्तिवादाचे टप्पे पकडतो तो बरोबर.

अंदाज कधी मारायचा

कॅटमध्ये चारपैकी एकही पर्याय खोडता आला नाही आणि डोळे मिटून टिचकी मारली तर सरासरी फायदा शून्य: चार प्रश्नांत एक बरोबर, तीन गुण आले, तीन चुकले, तीन गेले. एक पर्याय खात्रीने खोडला तर प्रश्नामागे सरासरी एक तृतीयांश गुण हाती लागतो, दोन खोडले तर पूर्ण एक गुण. कागदावर हे गणित मोहक आहे. प्रत्यक्षात शेवटच्या दोन पर्यायांत अडकलेला विद्यार्थी निम्म्यापेक्षा जास्त वेळा चुकू शकतो, कारण चुकीचा पर्याय त्याला भुलवण्यासाठीच रचलेला असतो. स्वतःच्या वीस-पंचवीस 'दोनांत अडकलो' प्रश्नांची नोंद ठेवा. चारांत एकापेक्षा जास्त बरोबर येत असतील तर टिचकी मारा, नसतील तर सोडा. सीईटीला हा प्रश्नच नाही. गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही आणि शेवटची दोन मिनिटं उरलेल्या प्रश्नांवर टिचकी मारायला राखायची.

वेळेचा हिशोब: पाचशे शब्द मिनिटाला दोनशेच्या वेगाने वाचले तर अडीच मिनिटं, खुणांसह तीन. चार प्रश्न प्रत्येकी मिनिटभर, वर थोडी ढील, म्हणजे साडेसात मिनिटांत एक उतारा. चारही उतारे घेतले तर ३० मिनिटं आणि उरलेल्या आठ प्रश्नांना १०. ज्यांचा वेग मिनिटाला दीडशेच्या आसपास आहे त्यांनी तीनच उतारे नीट करावेत. बारा प्रश्नांत नऊ बरोबर, तीन चूक म्हणजे २४ गुण. घाईने सोळा केले आणि तेवढेच नऊ बरोबर आले तर २० होतात. वेग वाढवायला नुसतं भराभर वाचून उपयोग नाही. मागच्या ओळींवर परत फिरण्याची खोड मोडली की तो वाढतो, आणि ती खोड वाक्याचा कणा सापडायला लागला की कमी होते.

सरावाचं साहित्य आणि चुकांची वही

जुन्या कॅटच्या प्रश्नपत्रिकांइतका चांगला सराव बाजारातल्या कोणत्याही संचात नाही. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत प्रत्येकी तीन सत्रं झाली, म्हणजे ४८ उतारे आयते आहेत. त्यातले शेवटच्या महिन्यासाठी बारा बाजूला ठेवा, हात लावू नका. रोजच्या वाचनाला ईऑन, स्मिथसोनियन मॅगझिन, जेस्टोर डेली या इंग्रजी संकेतस्थळांवरचे लांब लेख आणि एखाद्या इंग्रजी दैनिकाचं संपादकीय पान. वर्तमानपत्रातल्या बातम्या या कामाच्या नाहीत, त्यांत युक्तिवाद नसतो. वाचन पडद्यावरच करा. छापील पानावर जमलेली एकाग्रता संगणकावर तशीच उतरत नाही.

पहिले तीन आठवडे घड्याळ लावू नका. रोज दोन उतारे, प्रत्येक उत्तरापुढे उताऱ्यातली कोणती ओळ आधार आहे ते लिहायचं, आणि खोडलेल्या प्रत्येक पर्यायाचा गुन्हेगार शब्द. हे कंटाळवाणं आहे, एका उताऱ्याला पाऊण तास लागतो. पण घड्याळ आधी लावलं तर चुकीची पद्धतच पक्की होते. चौथ्या आठवड्यापासून घड्याळ, आणि दर रविवारी ४० मिनिटांचा पूर्ण विभाग. तपासणीला सोडवण्याच्या दुप्पट वेळ द्या. बरोबर आलेले पण खात्री नसलेले प्रश्नही तपासा, त्यासाठी सोडवतानाच त्यांच्यापुढे फुली मारून ठेवा.

वहीत चार रकाने पुरतात: उतारा चुकीचा समजला, प्रश्न चुकीचा वाचला, पर्यायाने भुलवलं, वेळ संपली. दहा उताऱ्यांनंतर कोणता रकाना फुगलाय ते बघा. पहिला फुगला असेल तर वाक्य झाकण्याच्या व्यायामाकडे परत जा. दुसरा फुगला असेल तर प्रश्नातला कळीचा शब्द कागदावर उतरवून मगच पर्याय बघायचे. तिसऱ्यासाठी पर्याय वाचण्याआधी स्वतःचं उत्तर सहा शब्दांत लिहा आणि त्याच्या सर्वांत जवळचा पर्याय घ्या. चौथा एकटाच फुगला असेल तर एक उतारा सोडून द्यायला शिका, आणि कोणता सोडायचा हे पहिल्या मिनिटातच ठरवा. अर्धा वाचून सोडलेल्या उताऱ्याची तीन मिनिटं वाया जातात आणि गुण एकही मिळत नाही.